अवखळ पिलूं आणि घरची शिस्त

घरांत कुत्र्याचें पिलूं येतें तो दिवस सणासारखा असतो. मुलें त्याच्याभोवतीं कोंडाळें करतात, आजी लांबून का होईना पण त्याला निरखून पाहते, आणि कर्ता पुरुष "आठ दिवसांत शिकेल सगळें" असें आश्वासन देऊन मोकळा होतो. महिन्यानें त्याच घरांत पाऊल टाकावें, तों देखावा अगदीं पालटलेला असतो. चपलांचे जोड उंच फळीवर गेलेले असतात, सतरंजीची कड कुरतडलेली असते, मुलाच्या पोटरीवर बारीक ओरखडे उठलेले असतात, आणि ज्याच्यासाठीं एवढा हट्ट झाला तो पाहुणा एका खोलींत कोंडला जाऊन दारावर पंजे घाशीत असतो. दोष कोणाचा, असा प्रश्न निघाला म्हणजे उत्तर ठरलेलें असतें : "पिलूंच फार द्वाड निघालें."

हें उत्तर बहुधा खरें नसतें. पिलाची चपळाई हा त्याचा दुर्गुण नव्हे. ती त्याची प्रकृति होय. तिला योग्य वाट मिळाली तर तेंच पिलूं पुढें घराला भूषण होतें, आणि वाट न मिळाल्यास तें स्वतः वाट काढतें. ती वाट मग आजीच्या चष्म्यावरून जावो कीं वडिलांच्या बुटांवरून. म्हणून पिलाच्या शिक्षणाचा पहिला धडा पिलाला द्यावयाचा नसतो. तो घरांतील माणसांनीं घ्यावयाचा असतो.

पुण्यांतील एका घराची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. नवरा-बायको दोघेंहि नोकरी करणारीं, घरीं आजी, नऊ वर्षांचा मुलगा, आणि दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. इमारतीच्या पहारेकऱ्याच्या खोलीमागें एका गावठी कुत्रीला पिलें झालीं. त्यांतलें पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेलें एक पिलूं दोन महिन्यांचें झाल्यावर मुलानें घरीं आणलें व त्याचें नांव टिप्या ठेवलें. चौथा महिना संपतो न संपतो तों टिप्यानें आजीच्या चष्म्याचें घर चावून टाकलें, एका पाहुणीच्या साडीचा पदर फाडला, आणि रोज दिवेलागणीच्या सुमारास तो घरभर असा उधळूं लागला कीं पाय खालीं सोडून बसण्याची कोणाची छाती होईना. घरांत बोलणें निघालें, "गांवीं शेतावर पाठवूं या. तेथें मोकळा राहील." शहरांतील पुष्कळ घरांत हें वाक्य बोललें जातें. ऐकावयास तें दयेचें वाटतें; परंतु माणसांच्या उबेंत वाढलेल्या पिलाला शेतावरच्या अनोळखी मोठ्या कुत्र्यांत नेऊन सोडणें ही त्याला सुटका नसून शिक्षाच असते. कांहींच्या नशिबीं तर शेतहि येत नाहीं. त्यांना परक्या रस्त्यावर सोडून गाडी परत फिरते.

टिप्यावर ती पाळी आली नाहीं. याचें श्रेय पशुवैद्याच्या एका साध्या प्रश्नाला आहे. तक्रारींची यादी ऐकून घेतल्यावर त्यानें विचारलें, "हा दिवसभर काम काय करतो?" घरच्या मंडळींना प्रथम हंसूं आलें. कुत्र्याला काम कसलें? परंतु प्रश्न थट्टेचा नव्हता.

मनुष्य व कुत्रा यांचा सहवास निदान १४,००० वर्षांचा आहे, आणि या दीर्घ काळांत बहुतेक कुत्र्यांनीं मनुष्याचें कांहीं ना कांहीं काम केलें आहे. आज शहरांत सर्वत्र दिसणाऱ्या लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे मदतनीस होते. थंडगार पाण्यांत उडी टाकून जाळीं आणि निसटलेले मासे ओढून आणणें हा त्यांचा धंदा. बीगल हा सशाचा माग काढीत कोसच्या कोस धांवणारा. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानामुळें नांवारूपाला आलेला मुधोळ कुत्रा, आणि मराठवाडा-सोलापूर भागांतील त्याचा भाऊबंद कारवानी, हे माळरानावर शिकारीमागें वाऱ्यासारखे सुटणारे. हस्की तर सैबेरियाच्या बर्फावर गाडी ओढणारा. राहतां राहिला गावठी कुत्रा. त्याला कोणीं मुद्दाम घडविलें नाहीं. पण आपली हद्द राखणें, परक्याची चाहूल घेणें आणि मिळेल तेथून अन्न शोधणें, या कसबांवरच त्याच्या अनेक पिढ्या तगल्या. अशा कुळांतलें पिलूं तीन खोल्यांत आलें म्हणजे काम नाहींसें होतें, पण कामाची हौस उरते. मग लॅब्रॅडॉर दिसेल ती वस्तु तोंडांत धरतो, बीगल कचऱ्याची टोपली उलथी करतो, आणि गावठी पिलूं जिन्यांत वाजणाऱ्या प्रत्येक पावलावर भुंकतें. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण पिलालाहि लागू पडते.

यावर "मग त्याला खूप दमवावें" असा उपाय सुचणें साहजिक आहे. टिप्याच्या घरीं तो करूनहि झाला होता. मुलगा संध्याकाळीं तासभर चेंडू फेकी, आणि टिप्या शांत होण्याऐवजीं दुप्पट उधळे. याचें कारण असें कीं, पिलाला धांवण्याइतकीच, किंबहुना अधिकच, झोपेची गरज असते. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला चोवीस तासांतून सोळा-अठरा तास, कधीं त्याहूनहि जास्त झोप लागते. माणसांच्या घरांत ती मिळणें कठीण. दुपारीं दाराची घंटा वाजते, शाळेंतून मुलगा येतो, त्याचे मित्र येतात, प्रत्येकाला निजलेलें पिलूं उचलून घ्यावेंसें वाटतें. झोपेस मुकलेलें मूल संध्याकाळीं जसें उगीच रडतें, तसें झोपेस मुकलेलें पिलूं उगीच धांवतें व चावतें. लोक त्याला मस्ती म्हणतात; वस्तुतः तो थकवा असतो.

टिप्यासाठीं मग बैठकीच्या खोलींतील एक कोपरा ठरला. तेथें जुनी गोधडी, पाण्याचें जड भांडें आणि भोंवतीं बुटकें लाकडी कुंपण, एवढीच सामग्री. तासाभराच्या खेळानंतर त्याला तेथें न्यावयाचें, चघळावयास कांहीं द्यावयाचें, आणि तो निजला कीं कोणीं हांक मारावयाची नाहीं, असा नियम झाला. हा कोपरा म्हणजे तुरुंग नव्हे. शिक्षा म्हणून तेथें कधींहि पाठवूं नये, नाहींतर पिलूं त्या जागेचा द्वेष करूं लागतें. दुपारच्या झोपेची राखण आजीनें आपल्याकडे घेतली. पंधरा दिवसांत दिवेलागणीचा धिंगाणा निम्म्यावर आला.

दुसरी मोठी कुरकुर असते ती मलमूत्राची. येथें राग कामाला येत नाहीं, हिशेब येतो. पिलूं जितक्या महिन्यांचें तितके तास तें फार तर धरून ठेवूं शकतें, असा ढोबळ ठोकताळा आहे. दोन महिन्यांच्या पिलाकडून दोन तासांपलीकडे अपेक्षा ठेवणें अन्यायाचें होय. झोपेंतून उठतांच, खाणें होतांच, खेळ संपतांच आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्याला एका ठराविक जागीं न्यावें, मुकाट्यानें उभें राहावें, आणि काम झाल्याबरोबर तेथल्या तेथें शाबासकी व खाऊ द्यावा. घरीं परत आल्यावर दिलेला खाऊ हा घरीं येण्याबद्दलचा ठरतो. चूक घरांतच झाली तर मुकाट्यानें पुसून घ्यावी. पिलाचें नाक त्या जागीं घासण्याची जुनी रीत केवळ क्रूर आहे असें नव्हे, ती उलट फळहि देते. तिच्यापासून पिलूं इतकेंच शिकतें कीं, माणसासमोर हा विधि करणें धोक्याचें; मग तें पलंगामागें जाऊन करतें. फरशी पुसतांना अमोनियायुक्त द्रव वापरूं नये, कारण त्याचा वास मूत्राच्या वासाशीं मिळता असल्यामुळें पिलाला तीच जागा पुन्हां खुणावते.

चावणें ही तिसरी तक्रार. पिलाला अठ्ठावीस दुधाचे दांत असतात, आणि ते सुईसारखे टोंकदार असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस कायमचे दांत येतात. या काळांत हिरड्या शिवशिवतात आणि कांहींतरी चावल्यावांचून पिलाला चैन पडत नाहीं. चावूं नकोस, असें सांगून भागत नाहीं. काय चाव, हें दाखवावें लागतें. ओलें करून गार केलेलें जाड कापड, कठीण रबराचें खेळणें, यांवर त्याची भूक भागवावी. शिजवलेलीं हाडें मात्र देऊं नयेत. त्यांचे तुकडे होऊन आंतड्यांना इजा होते. हातावर दांत लागले तर हात झटकूं नये. झटकलेला हात म्हणजे पळणारा ससा! हात स्थिर ठेवावा, खेळ तत्क्षणीं थांबवावा, आणि पंधरा-वीस सेकंद तोंड फिरवून उभें राहावें. भावंडांबरोबर खेळतांना पिलूं हाच धडा शिकत असतें : जोरानें चावलें कीं गडी खेळ सोडून जातो. आईपासून फार लौकर, सहा-सात आठवड्यांच्या आंत, तोडलेलीं पिलें या धड्याला मुकतात. म्हणून आठ आठवड्यांपूर्वीं पिलूं घरीं आणूं नये.

आतां प्रत्यक्ष शिकवण्याची गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवरील व कुत्र्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतून पुढें जो नियम निघाला तो गृहिणीच्या अनुभवांतलाच आहे : ज्या कृतीमागून सुख मिळतें ती प्राणी पुन्हां करतो, जिच्यांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं ती हळूहळू सोडतो. नियम सोपा असला तरी घरांत तो रोज उलटा वापरला जातो. पाहुणा आला कीं टिप्या त्याच्या अंगावर उड्या मारी. पाहुणा दोन्ही हातांनीं त्याला ढकली, आजी ओरडे, मुलगा हंसे. टिप्याच्या दृष्टीनें हा एक उत्तम खेळ होता, आणि त्यांत सर्व माणसें एकाच वेळीं भाग घेत! उलट तो मुकाट्यानें गोधडीवर पडलेला असे तेव्हां त्याच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नसे. थोडक्यांत, घर त्याला उड्या मारण्याची तालीम देत होतें.

उपाय ठरला तो असा. टिप्या उडी मारील तेव्हां सर्वांनीं झाडासारखें स्तब्ध व्हावयाचें, नजर दुसरीकडे. चारहि पाय जमिनीवर टेकले कीं त्या क्षणीं खाऊ आणि गोंजारणें. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा असला तरी पुरतो. पनीरचा कण किंवा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा चालतो, आणि तो रोजच्या जेवणांतूनच वजा करावा. वेळेला मात्र फार महत्त्व आहे. कृति आणि बक्षीस यांत एक-दोन सेकंदांपेक्षां अधिक अंतर पडलें तर पिलाला त्यांचा संबंध लागत नाहीं.

त्याचप्रमाणें भाषा एक हवी. टिप्याला बसविण्यासाठीं आजी "खालीं बैस रे" म्हणे, वडील "सिट" म्हणत, आणि मुलगा "बस, बस, बस" असा घोष लावी. तीन शिक्षक, तीन पाठ्यपुस्तकें आणि एकच विद्यार्थी! शेवटीं चार शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावण्यांत आले : बस, ये, सोड, थांब. शब्द एकदांच उच्चारावयाचा, हा दुसरा नियम. "बस" शिकवतांना खाऊ पिलाच्या नाकाशीं धरून सावकाश डोक्यावरून मागें न्यावा. नाक वर गेलें कीं मागील अंग आपोआप टेकतें. "सोड" म्हणतांना तोंडांतील वस्तु ओढूं नये. अधिक चांगली वस्तु पुढें करावी आणि अदलाबदल करावी. ओढाओढींतून पिलूं चोरून पळण्यास शिकतें. "ये" हा शब्द सर्वांत मोलाचा. त्या हांकेनें आलेल्या पिलाला कधींहि रागावूं नये, मग त्यानें मागें कितीहि नासधूस केलेली असो. एकदां जरी त्या शब्दाला मार चिकटला तरी भर रस्त्यांत तें हांकेला येणार नाहीं. एका वेळीं तीन ते पांच मिनिटांचा धडा पुरे, परंतु असे धडे दिवसांतून चार-पांच वेळां व्हावेत.

यावर जुन्या वळणाचे लोक म्हणतात, धाकावांचून जनावर शिकत नाहीं. कुत्रा लांडग्याच्या जातीचा, त्याला म्होरक्या कोण हें दाखवावेंच लागतें. या समजुतीचा उगम ठाऊक असणें बरें. रुडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं बंदिवासांतील, एकमेकांना अपरिचित अशा लांडग्यांच्या भांडणांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यावरून म्होरक्याची कल्पना रूढ झाली. पुढें रानांतील लांडग्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं मुलें, म्हणजे एक कुटुंबच असतें. तेव्हां पिलाला उताणें पाडून दाबून धरण्याला लांडग्यांचा आधार नाहीं. त्यानें भीति मात्र उत्पन्न होते, आणि भ्यालेला कुत्राच अधिक चावतो.

"पण त्याला आपली चूक कळते, तोंड कसें पाडतो पाहा," असेंहि म्हटलें जातें. न्यूयॉर्कमधील संशोधिका अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनीं २००९ सालीं याची परीक्षा पाहिली. कुत्र्यानें मना केलेला खाऊ खाल्ला किंवा न खाल्ला, तरी मालक रागावला कीं तो अपराधी चेहरा दिसे. निरपराध कुत्रेहि रागावल्यावर तसेच दिसत. म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नसून मालकाच्या रागाला दिलेलें उत्तर होय. संध्याकाळीं कामावरून आलेला गृहस्थ दुपारीं फाटलेल्या उशीबद्दल पिलाला मारतो, तेव्हां पिलाच्या लेखीं तो मार घरीं येणाऱ्या माणसाकडून अकारण मिळालेला असतो.

पिलाच्या शिक्षणांतील एक भाग असा आहे कीं त्याची वेळ एकदां टळली तर ती भरून काढणें फार अवघड जातें. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनीं अमेरिकेंतील बार हार्बर येथें अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन नव्या ओळखींना विशेष खुलें असतें. या अवधींत जें सौम्यपणें भेटलें तें पुढें आपलें वाटतें; जें कधींच भेटलें नाहीं तें भयंकर वाटतें. शहरी घरांतील पिलाला या वयांत कुकरची शिट्टी, मिक्सरचा घरघराट, लिफ्टचें दार, छत्री, काठी टेकीत येणारे आजोबा, शिरस्त्राण घातलेला टपालवाला, या सर्वांची खाऊच्या सोबतीनें ओळख करून द्यावी. दिवाळींतल्या फटाक्यांचे आवाजहि अगोदर अगदीं हळू लावून ऐकवावेत.

याच वयांत पिलाला रोगांचें भय असतें, ही अडचण खरी आहे. विशेषतः पार्व्हो हा १९७८ सालीं उघडकीस आलेला विषाणूचा रोग लस न टोंचलेल्या पिलांना थोड्या दिवसांत नेतो. त्याची व इतर रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पुन्हां द्यावी लागते. ती मालिका पुरी होईपर्यंत पिलाला इतर कुत्र्यांच्या वावराच्या जागीं खालीं सोडूं नये. पण कडेवर घेऊन बाजार दाखविण्यास हरकत नाहीं. तिसऱ्या महिन्यांत रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुढें चालू ठेवावी. या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस क्वचितच वांचतो. म्हणून कोणत्याहि कुत्र्याचा दांत लागून रक्त आलें किंवा नुसतें खरचटलें तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. "आपलेंच पिलूं आहे," या समाधानावर राहूं नये.

खाण्याविषयीं थोडकें सांगण्यासारखें आहे. दूध-पोळीवर पिलाचें पोट भरतें, पण बांधा भरत नाहीं. त्याला प्रथिनें हवींत, आणि पुष्कळ पिलांना दुधानें हगवण लागते. चॉकलेट, द्राक्षें, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण हे जिन्नस कुत्र्याला विषासमान आहेत. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणे लाडानें भरविणाऱ्या आजीला ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

आतां पशुवैद्याचा प्रश्न : काम कोणतें द्यावें? कुत्र्याचें खरें इंद्रिय नाक आहे. वीस मिनिटें मन लावून हुंगत फिरलेलें पिलूं तासभर चेंडूमागें धांवलेल्या पिलापेक्षां अधिक समाधानानें निजतें. म्हणून फिरावयास नेल्यावर दोरी ओढून घाई करूं नये. त्याला प्रत्येक खांब वाचूं द्यावा. आजोबा सकाळचें वर्तमानपत्र वाचतात, तसेंच हें त्याचें वाचन. टिप्याचें सकाळचें जेवण ताटलींत वाढणें बंद झालें. जुन्या पंचाच्या घड्यांत कोरडे दाणे गुंडाळून तो पंचा त्याला मिळूं लागला. कधीं खोलीभर दाणे लपवून "शोध" म्हणण्यांत येऊं लागलें. सांधे पक्के होईपर्यंत उंच उड्या व लांब दौड टाळावी. उन्हाळ्यांत डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पांच-सात सेकंद टेकवून पाहावी; हात भाजला तर पिलाचे पंजेहि भाजणार. फिरणें सकाळीं लौकर किंवा ऊन उतरल्यावर.

एकटें राहणें हीहि शिकवण्याची गोष्ट आहे. प्रथम दार ओढून एक मिनिट बाहेर उभें राहावें, मग पांच, मग पंधरा. जातांना निरोपाचा समारंभ नको, येतांना स्वागताचा सोहळा नको. लहान मुलाला आणि पिलाला एकत्र सोडून मोठ्यांनीं खोलीबाहेर जाऊं नये. खाणाऱ्या व निजलेल्या कुत्र्याला हात लावूं नये, हा नियम मुलाला पाढ्यांसारखा पाठ झाला पाहिजे.

इतकें झालें तरी संकट संपत नाहीं. टिप्या सहाव्या महिन्यांत बराच शहाणा झाला, आणि आठव्या महिन्यांत सर्व विसरल्यासारखा वागूं लागला. "बस" म्हटलें कीं तो मुलाकडे पाही आणि चालूं लागे. घरांत शेताची भाषा पुन्हां निघाली. वस्तुतः हें वयच तसें आहे. इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर व त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, आठ महिन्यांच्या सुमारास कुत्रे आपल्या पालकाची आज्ञा पूर्वींपेक्षां कमी पाळतात, परक्याची मात्र पाळतात. आणि हा काळ पुढें ओसरतो. घरांत तेरा-चौदा वर्षांचें मूल असलेल्यांना याचें नवल वाटूं नये. दुर्दैव असें कीं, नेमक्या याच वेळीं अनेक कुत्रे घराबाहेर काढले जातात. जें शिक्षण फळाला येण्यास चार-सहा महिनेच उरलेले असतात, तें अर्ध्यावर टाकलें जातें.

टिप्याच्या आजीनें या वेळीं एकच वाक्य उच्चारलें, आणि तेवढ्यानें वाद मिटला. ती मुलाच्या वडिलांना म्हणाली, "नववींत असतांना तूं माझी एक गोष्ट ऐकत नव्हतास. तुला कोठें पाठवलें होतें का रे शेतावर?" धड्यांची पहिल्यापासून उजळणी झाली, दोरी थोडी आंखूड झाली, खाऊ थोडा वाढला, आणि वर्ष उलटतांना टिप्या ठिकाणावर आला.

पिलूं पाळणाऱ्यानें समाजाचेंहि देणें लक्षांत ठेवावें. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्रा बाळगण्यास महापालिकेचा परवाना लागतो, तो घ्यावा. रस्त्यावर आपल्या कुत्र्यानें केलेली घाण आपणच उचलावी, आणि लिफ्टमध्यें भिणारा शेजारी असेल तर जिन्यानें जावें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा असें सांगतो कीं, कुत्र्याला सदोदित सांखळीनें बांधून किंवा कोंडून ठेवून पुरेसा व्यायाम न देणें हा अपराध आहे. परंतु कायद्याचा बडगा दाखवून प्रेम उत्पन्न होत नाहीं. पिलूं घरीं आणणें म्हणजे दहा ते पंधरा वर्षांचा करार आहे, आणि त्यावर सही फक्त एकाच पक्षाची असते.

महाभारतांत स्वर्गाच्या दाराशीं पोहोंचलेल्या धर्मराजानें सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आंत जाण्याचें नाकारलें. तो कुत्रा शहाणा होता कीं द्वाड, याची चौकशी त्यानें केली नाहीं; सोबत आला आहे, एवढेंच त्याला पुरेसें झालें. शहरांतील गृहस्थाला स्वर्ग सोडावा लागत नाहीं. चार शब्द एका आवाजांत बोलणें, दुपारची झोप राखणें, सकाळीं अर्धा तास पिलाच्या चालीनें चालणें आणि आठव्या महिन्यांत धीर न सोडणें, इतकेंच त्याच्याकडून अपेक्षित असतें.

टिप्या आतां दोन वर्षांचा आहे. जिन्यांत अनोळखी पाऊल वाजलें कीं तो अजूनहि एकदां भुंकतो. तें त्याचें काम आहे आणि घरानें तें त्याच्याकडे ठेवलें आहे. मग आजी "पुरे" म्हणते, आणि तो जाऊन गोधडीवर बसतो. चष्म्याचें नवें घर शेजारच्या तिपाईवर, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर असतें.